किलाउएआ लॉग: आधी टिल्ट, मग कॅमेरा

मंडळी, अपडेट टाकायचं बरेच दिवस राहिलं होतं. सध्या बाकीचे ज्वालामुखी बाजूला ठेवलेत, सगळं लक्ष हवाईच्या किलाउएआवर. २३ डिसेंबर २०२४ ला हालेमाउमाऊ विवरात जे सुरू झालं ते सलग नाहीये, एपिसोडने चालतंय, म्हणजे लाव्हाचं कारंजं उडतं, बंद पडतं, मग नुसता धूर आणि वेंटच्या (लाव्हा बाहेर येतो त्या भोकाच्या) तोंडाशी लाल उजेड, आणि मग परत.

आपल्याला टायमिंगचा मात्र जबरी फायदा आहे. हवाई साडेपंधरा तास मागे, म्हणजे तिकडची मध्यरात्र आपल्याकडे दुपारी साडेतीनला. अंधारातला लाव्हा बघायला जागरण नको, ऑफिसात दुसऱ्या टॅबवर यूएसजीएसचं (अमेरिकेची सरकारी भूगर्भ संस्था) लाइव्ह लावलं की काम झालं (साहेब वाचत असतील तर हे लंच टाइममधलं आहे).

आता प्रोग्रेस. कॅमेऱ्याकडे टक लावून बसणं बंद केलंय, आधी शिखरावरच्या यूडब्ल्यूडी स्टेशनचा टिल्ट, म्हणजे जमिनीचा कल, बघतो. खाली मॅग्मा भरत गेला की शिखर फुगतं आणि ग्राफची रेघ चढत जाते, कारंजं सुरू झालं की तीच रेघ धाडकन खाली. मोजतात मायक्रोरेडियनमध्ये, किलोमीटरभर लांब दांडीचं एक टोक एक मिलिमीटर उचललं तर जेवढा कल येईल तेवढा एक, आणि एका एपिसोडमध्ये असे दहा-वीस सहज उतरतात, कधी जास्तही. मागच्या वेळी गेलेलं साधारण भरून आलं की तयारीत राहायचं. पण नुसत्या टिल्टवर तास सांगता येत नाही, वेधशाळावालेसुद्धा एक तारीख न देता विंडोच (अमुक ते अमुक दिवस) देतात.

खरी मजा त्याच्या आधीची, गॅस पिस्टनिंगची. वेंटमध्ये लाव्हा वर येतो, वरच्या थराखाली गॅस कोंडतो, पातळी चढते, थोडा बाहेर सांडतो आणि गॅस सुटला की सगळं घळकन आत. ट्रेमरच्या (जमिनीच्या सततच्या बारीक थरथरीच्या) ग्राफवर हे कंगव्याच्या दातांसारखं उमटतं. मला तर हे कारंज्यापेक्षा जास्त आवडतं, पण कधीकधी हा खेळ इतका लांबतो की चहा थंड, जेवण थंड, आणि कारंजं नाहीच.

शेवट ओळखणं सोपं. कारंजं अचानक बंद, ट्रेमर पडतो आणि टिल्ट लगेच वर वळतो. सुरुवातीचा तिसरा एपिसोड आठ दिवस चालला होता, २०२५ च्या मधले बरेचसे अर्ध्या दिवसात आटपले पण उंचीला ३०० मीटरच्या वर गेले.

आणि यूएसजीएसच्या लाइव्हमधला व्ही-३ कॅमेरा आठवतोय ना? ६ डिसेंबर २०२५, एपिसोड ३८, दक्षिणेकडच्या वेंटचं कारंजं तिरकं झालं आणि कॅमेऱ्यावर टेफ्राचा (कारंज्यातून उडणाऱ्या दगड-राखेचा) असा मारा झाला की लाइव्ह चालू असतानाच तो गाडला गेला. दगड समोरून येताना दिसतात आणि चित्र बंद. मी ती क्लिप कितीदा बघितली विचारू नका.

घरचे म्हणतात आपला सह्याद्री पण लाव्हाचाच ना, तो बघ. अहो पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालाय!

पुढचं काम, टिल्ट आणि ट्रेमर एकाच शीटवर वेळ जुळवून लावायचंय. कुणी आधीच केलं असेल तर फॉरमॅट पाठवा.