हात मागे बांधून मंडई

कुठल्याही गावाला गेलं की माझ्या सासूबाई पहिलं विचारतात, इथली मंडई कुठाय. देऊळ नंतर. हंगेरीत बुडापेस्टला चार दिवस होतो तेव्हाही हेच, आणि माझी काही हरकत नव्हती, मलाही राजवाड्यांपेक्षा भाजीच्या ढिगातच जास्त रस. पण टूरवाल्याने मार्केटसाठी म्हणून दिलेली मोकळी दुपार नेमकी रविवारची, आणि तिथलं सेंट्रल मार्केट त्या दिवशी बंद! बंद दारासमोर फोटो काढले, दुसरं काय करणार, आणि सोमवारी बाकीच्यांना म्युझियमला पाठवून आम्ही दोघी ट्रामने परत तिथे हजर.

इमारत मात्र बघत राहावी अशी. १८९७ ची, लोखंडी खांब, उंचच उंच छप्पर, वर रंगीत कौलांची नक्षी, बाहेरून जुनं रेल्वे स्टेशनच वाटतं. (आपलं क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं, म्हणजे याच्याहून २८ वर्षांनी थोरलं, हे मी तिथे उगाचच दोनदा बोलून दाखवलं.) आत शिरलो तर ओरडाच नाही. ठाण्यात गावदेवीच्या मंडईत दोन पावलं टाकली की "या ताई, बघा ताई, ताजी मेथी" सुरू होतं, इथे सगळं कसं इस्त्री केल्यासारखं, एकावर एक रचलेले टोमॅटो, हिरव्या-पिवळ्या मिरच्यांच्या उतरंडी.

आईंनी सवयीने एक टोमॅटो उचलला. गाळ्यावरची बाई काही बोलली नाही, नुसतं बोटाने दाखवलं, खाली ठेवा. काय हवं ते सांगायचं, निवडून ती देणार. "अगं पण दाबून बघितल्याशिवाय कळणार कसं?" आई मला मराठीत विचारतायत आणि ती बाई दोघींकडे बघतेय. ज्या बाईने आयुष्यभर वांगं हातात तोलून हलकं बघून घेतलं, नारळ कानाशी हलवला, मक्याच्या दाण्यात नख खुपसलं, ती त्यानंतर अख्खी मंडई हात मागे बांधून फिरली, प्रदर्शन बघायला आल्यासारखी. मटार इतके कोवळे दिसत होते की मला उसळ आठवली, पण हॉटेलात गॅस कुठला, नुसती किटली. घेऊन करणार काय?

मग आमची गाडी पाप्रिकावर. लाल पुड्या, लाल माळा, गाळेच्या गाळे लाल. मिरची मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, आणि या लोकांनी तिची पूड करून तिला जवळपास राष्ट्रीय मसाला केलंय. सेगेद गावच्या याच पाप्रिकातून सेंट-ग्यॉर्गी नावाच्या शास्त्रज्ञाने क जीवनसत्त्व वेगळं काढलं आणि १९३७ साली त्याला नोबेल मिळालं, हे मी आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "ते असू दे, तिखट आहे का विचार." दोन प्रकार निघाले, गोडी आणि तिखट. घाईत आम्ही गोडीच्याच दोन पुड्या उचलल्या, हे घरी आल्यावर कळलं.

तळघरात लोणची. तेल नाही, मोहरी नाही, नुसतं खारवलेलं, आणि काही बरण्यांत काकड्या-मिरच्यांचे चक्क चेहरे केलेले. आईंनी एक चाखलं आणि "बरंय" म्हणाल्या, म्हणजे नाही आवडलं. वरच्या मजल्यावर लांगोश खाल्ला, आपला भटुराच, वर आंबट साय आणि चीज, तो मात्र दोघींनी बोटं चाटून संपवला.

ठाण्याला आल्यावर आमटीत दोन चमचे पाप्रिका पडली. रंग असा की नवऱ्याने आधी पाण्याचा ग्लास जवळ ओढला, मग पहिला घास घेतला, आणि मग काही न बोलता मिरचीचा ठेचा मागितला. आई म्हणाल्या, "आपल्या बेडगीला जरा तरी राग असतो, ही अगदीच सोशिक."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन गावदेवीत. भेंडीच्या ढिगाशी उभ्या राहून एकेकीचं शेपूट मोडून बघणं चाललं होतं, आठवी का नववी असेल, तेवढ्यात भाजीवाला वैतागून म्हणाला, "आजी, मोडलेल्या पण घ्यायला लागतील हां."

आईंनी त्याच्याकडे बघत आणखी दोन मोडल्या.