तयेची रात्र

आज तय, उद्या चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगतात ती माटोळी बांधून झाली, बाबा झोपले, मी ओसरीवर वही घेऊन बसलोय. हातांना अजून आंबाड्यांचा आणि केवणीच्या सालीचा वास येतोय.

गेल्या महिन्यात मला ४४ पूर्ण झाली. एरवी वय आठवत नाही. सकाळची कुंडईची बस, शिफ्ट, परत घर, यातच दिवस जातो. चवथीला मात्र मूळ घरी सगळे भाऊ जमतात आणि वय समोर येऊन बसतं. धाकट्या काकांचा मुलगा इंग्लंडहून आलाय. माझ्याहून ९ वर्षांनी लहान, त्याचा मुलगा तिसरीत. दुसऱ्याने पर्वरीला फ्लॅट घेतला. दुपारी नेवऱ्या भरता भरता काकीने विचारलं, "तुझं काही ठरतंय का रे?" मायेनेच विचारलं. मी खाली मान घालून नारळ सोलत राहिलो.

२०१० साली, २८व्या वर्षी, कर्ज काढून टिप्पर घेतला होता. गोव्यातल्या डिचोलीच्या लोहखनिजाच्या खाणींवरून मांडवीच्या जेटीपर्यंत फेऱ्या. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, पण माझ्या वाट्याला पूर्वीच्या निम्म्याही फेऱ्या आल्या नाहीत. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चपासून पुन्हा सगळं बंद. टिप्पर भंगाराच्या भावात गेला, हप्ते मागे राहिले. लग्नाचं बोलणं दोनदा पुढे गेलं आणि दोन्ही वेळा "पर्मनंट आहे का?" इथे अडलं. शेवटचा हप्ता भरला तेव्हा मी ४१ वर्षांचा होतो.

रात्री पडल्या पडल्या मी हाच हिशेब करतो. कामाची किती वर्षं राहिली, त्यात घर कधी, संसार कधी. उत्तर दरवर्षी लहान होतं. मागे पडल्याचं दुःख आहे मला, ते मी लपवत नाही.

पण आज एक गोष्ट सारखी मनात येतेय. खाणी थांबल्या तसा आमच्या शेतात येणारा लाल गाळही थांबला. बाबा बांधावर उभे राहून ओहोळाचं निवळलेलं पाणी बघत राहायचे. त्यांचा तो आनंद मला तेव्हा सहन होत नसे. अंगणात माझा टिप्पर ताडपत्रीखाली उभा, आणि हे पाणी बघतात! पुढच्या पावसाळ्यात कित्येक दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. तेही काही म्हणाले नाहीत. भाद्रपद जवळ आला तेव्हा कोयता कमरेला लावला आणि म्हणाले, "चल, रानात जाऊया."

काम नव्हतं म्हणून गेलो. दुसऱ्या वर्षीही गेलो. माटोळीला लागणारी रानफळं, कांगणं कुठल्या उतारावर मिळतात, कवंडळाची वेल कुठे शोधायची, केवणीची साल कशी सोलली म्हणजे दोर तुटत नाही, हे सगळं त्या रिकाम्या वर्षांत शिकलो. टिप्पर चालू असता तर मी रानातल्या वस्तू डिचोलीच्या बाजारातून आणल्या असत्या.

बाबांचा हात आता थरथरतो. यंदा ते खाली पाटावर बसले आणि एकेक वस्तू वर देत गेले, गाठी मी मारल्या. इंग्लंडहून आलेला भाऊ मोबाइलवर सगळं टिपत होता. कवंडळाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "काका, हे काय?" बाबा म्हणाले, "त्याला विचार, त्याने आणलंय."

मी नाव सांगितलं. पुढच्या वर्षी रानात न्यायचं कबूल केलं त्याच्या मुलाला.

झोपायला जाताना बाबांनी रजा किती दिवसांची ते विचारलं. दोन, म्हटलं.

"मग गणपती पोचवून जाशील ना?"

आमचा दीड दिवसाचा. पोचवूनच जाणार.