माझ्या ऑफिसच्या वाटेवरचं नाव

रोज सकाळी मी आनहाल्टर बानहोफला लोकलमधून उतरते आणि श्ट्रेझेमानश्ट्रासनं चालत ऑफिसला जाते. बर्लिनमधलं पहिलं वर्षभर ते नाव मला नीट उच्चारताही येत नव्हतं. मग एकदा वाचायला बसले, आणि या माणसानं मनात घरच केलं.

गुस्टाफ श्ट्रेझेमान. बर्लिनच्याच एका बीअर विक्रेत्याचा मुलगा. पहिलं महायुद्ध हरल्यावर, डिसेंबर १९१८ मध्ये त्यांनी जर्मन लोकपक्ष काढला. इथे त्याला डेफाउपे म्हणतात. कारखानदार, वकील, प्राध्यापक, बडे अधिकारी अशांचा हा पक्ष. उदारमतवादी, पण उजवीकडे झुकलेला. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, गेल्याचं यातल्या अनेकांना मनापासून दुःख होतं. १९१९ मध्ये वायमार राज्यघटनेच्या, म्हणजे सम्राटानंतरच्या नव्या प्रजासत्ताकाच्या घटनेच्या, विरोधात या पक्षानं मत दिलं, आणि श्ट्रेझेमानही त्यातच होते!

तेच श्ट्रेझेमान ऑगस्ट १९२३ मध्ये त्या प्रजासत्ताकाचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारचे प्रमुख, झाले. महागाई अशी की नोव्हेंबरात नवं चलन आलं तेव्हा एका रेंटेनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क मोजावे लागले. चॅन्सेलरपद जेमतेम १०० दिवस टिकलं, पण परराष्ट्रमंत्री ते शेवटपर्यंत राहिले. पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांशी सीमांची हमी देणारा लोकार्नो करार, जर्मनीचा राष्ट्रसंघात प्रवेश, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियाँ यांच्यासोबत १९२६ चं शांततेचं नोबेल. माझ्या मते याहून अवघड काम होतं ते स्वतःच्या पक्षाला प्रजासत्ताकाशी बांधून ठेवण्याचं.

२ ऑक्टोबर १९२९. आपल्याकडची गांधीजयंती. आजारी श्ट्रेझेमान त्या दिवशीही आपल्याच खासदारांची मनधरणी करत होते. त्यांचा पक्ष तेव्हा समाजवाद्यांबरोबर आघाडी सरकारात होता; बेकारी विम्यावरून ते सरकार पाडू नका, एवढंच मागणं. दुसऱ्या दिवशी पहाटे पक्षाघातानं ते गेले. वय ५१.

सहा महिन्यांतच, मार्च १९३० मध्ये, त्याच विम्याच्या वर्गणीवरून हा पक्ष आणि समाजवादी यांचं फाटलं आणि सरकार कोसळलं. संसदेत बहुमत असलेलं वायमारचं ते शेवटचं सरकार. १९२८ मध्ये पक्षाच्या ४५ जागा होत्या, मार्च १९३३ मध्ये उरल्या २. जुलैत पक्षानं स्वतःच गाशा गुंडाळला.

नाझींनी या रस्त्याचं नावही बदललं होतं. १९४७ मध्ये ते परत आलं. आता पाटीखालून जाताना मला त्या बैठकीतले खासदार आठवतात. सकाळी त्यांच्या मृत्यूची बातमी कळल्यावर ते एकमेकांशी काय बोलले असतील?