घोडियातून पलंगावर

बडोद्यात घर मराठी असलं तरी बाळ पुष्कळदा घोडियातच वाढतं. बाहेरगावच्यांसाठी सांगते: स्टँडला टांगलेली कापडी झोळी, दोरी ओढली की हलणारी. मूल मोठं झालं की एका रात्री त्याला उचलून थेट मोठ्या पलंगावर निजवतात. ते तासभर रडतं, आणि घरात ठरतं की याला पलंग आवडत नाही. पलंगाचा काही दोष नसतो. त्या एका रात्रीत मुलाचा झोका जातो आणि चारी बाजूंचा आडोसाही जातो. दोन्ही एकदम काढू नका. आधी झोका.

लहान मुलाची झोप साधारण तासाभराने हलकी होते. तेव्हा ते अर्धवट जागं होतं आणि निजताना जे होतं तेच शोधतं. निजताना दोरी हलत असेल तर रात्री दोनलाही दोरीच लागणार. म्हणून पहिले तीन-चार दिवस मूल पेंगुळलं की, पूर्ण झोपण्याआधी, दोरी थांबवा. पुढचे तीन-चार दिवस झोका मुळातच छोटा द्या. त्यानंतर झोका बंद, फक्त थोपटणं. फार रडलं तर त्याच पायरीवर दोन दिवस जास्त थांबा, पण मागे जाऊ नका. आजी-आजोबांना हे आधी सांगून ठेवा. दुपारी त्यांनी मायेने दिलेले जोरदार झोके रात्री तुम्हाला फेडावे लागतात.

मूल आधाराशिवाय बसायला किंवा हातापायांवर उठायला लागलं असेल तर मात्र घोडियुं त्याच दिवशी बंद. कडेला धरून वाकलं की ते बाहेर पडतं. मग झोके कमी करण्याचं हेच काम मांडीवर करा आणि मुलाला कठड्याच्या कॉटमध्ये ठेवा. कॉटच्या दांड्यांमधली फट 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. कॉटही कायमची नाही. तळ सगळ्यात खालच्या खाचेवर असूनही उभ्या मुलाच्या छातीच्या खाली कठडा आला, उंची 90 सेंटिमीटरजवळ गेली, किंवा एक पाय वर टाकलेला दिसला, की कॉट सोडायची.

आता पलंग. आपल्याकडचे सामानाच्या पेटीचे पलंग गादीसकट दीड-दोन फूट उंच होतात आणि खाली फरशी. माझं स्पष्ट मत, पहिले काही महिने गादी जमिनीवरच घाला. गादी घट्ट हवी, मऊ आणि खड्डा पडलेली नको. पावसाळ्यात ती रोज सकाळी उचलून भिंतीला उभी करा, नाहीतर खालून ओल धरते.

पलंगच वापरायचा असेल तर सर्वांत धोक्याची जागा म्हणजे गादी आणि भिंत यांमधली चार-सहा इंचांची फट. मूल त्यात सरकतं आणि अडकतं. पलंग एकतर भिंतीला घट्ट लावा, नाहीतर चांगला फूट-दीड फूट लांब ओढा. फटीत लोड कोंबून भागत नाही, मुलाच्या वजनाने तो खाली जातो. विकत मिळणारी रेलिंग दोन वर्षांपुढच्या, स्वतः चढउतार करणाऱ्या मुलांसाठी असते. तिचे आडवे दांडे गादीखाली जातात आणि गादीच्या वजनानेच ती टिकते. हलक्या कापसाच्या गादीखाली ती सरकते आणि पुन्हा तीच फट तयार होते. लावल्यावर जोरात बाहेर ओढून बघा. पायाकडची बाजू उतरायला मोकळी ठेवा आणि उतरणं दिवसा खेळात शिकवा: पालथं व्हायचं, आधी पाय. मच्छरदाणी खोचली म्हणजे रेलिंग झाली असं समजू नका, मूल जाळीसकट खाली येतं. फरशीवर गोधडी दुहेरी घालून ठेवा.

याहून मोठा बदल खोलीत होतो. मूल आता रात्री एकटं उठून चालणार, म्हणजे सगळी खोलीच त्याची कॉट. गुडघ्यांवर बसून खोलीभर फिरा. हाताला येणारी दाराची आतली कडी काढून टाका, मुलं स्वतःला कोंडून घेतात. कपाट भिंतीला पट्टीने स्क्रू करा, खण उघडून त्यावर पाय दिला की ते अंगावर येतं. खालच्या प्लगमधलं डासांचं मशीन वर न्या. पलंग खिडकीखाली नको. बाथरूममधल्या भरलेल्या बादल्या रात्री रिकाम्या करा किंवा दाराला बाहेरून उंच कडी लावा. घरात झोपाळा असेल तर रात्री त्याची फळी वर बांधा, अंधारात मूल तिच्यावर आदळतं.

सुरुवात दुपारच्या झोपेने करा. रात्री मूल उठून आलं तर गप्पा, दूध, दिवा काही नाही. हात धरून परत न्या, दहा वेळा आलं तर दहा वेळा. दूध सोडवणं, शी-शूची सवय आणि बालवाडी यांपैकी काही चालू असेल तर थांबा. दुसरं बाळ येणार असेल तर निदान दीड-दोन महिने आधी हे उरका. नवरात्रात सुरू करूच नका. गरब्यामुळे नऊ रात्री झोपेची वेळ पाळली जात नाही. उत्तरायणातही, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, दुपारची झोप गच्चीवरच्या आरडाओरड्यात जाते.

मूल पडलं आणि लगेच रडून शांत झालं तर जवळ घेऊन बघत राहा. बेशुद्ध झालं, उलट्या झाल्या, नेहमीपेक्षा जास्त गुंगी वाटली किंवा हात-पाय हलवेना, तर रात्रीच दवाखाना गाठा.

मूल घोडियातून बाहेर निजायला लागलं की पहिल्याच दिवशी घोडियाची दोरी काढून ठेवा, लोंबती दोरी मुलाच्या गळ्याशी जाऊ शकते. आठवडाभर मूल पलंगावर नीट झोपलं की स्टँडही माळ्यावर टाका. समोर राहिला तर रात्री दोनला मोठ्या माणसांचाच धीर सुटतो.