सिकलचं लेकरू वर्गात मागं का पडतं

सिकल, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, म्हटलं की आपल्याकडे हातपाय दुखणं, कावीळ आणि रक्त चढवणं एवढंच डोळ्यासमोर येतं. डोक्याचा विचार कोणी करत नाही. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकल आलेल्या, जवळपास एक तृतीयांश मुलांच्या मेंदूत दहावी-बारावीच्या वयापर्यंत बारीक झटके (फिट नव्हे, रक्त अडून होणारे छोटे लकव्याचे झटके) येऊन गेलेले असतात. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, म्हणून घरी कळतच नाही. घाव बहुतेक वेळा कपाळामागच्या भागात बसतो. लक्ष टिकवणं, ऐकलेलं धरून ठेवणं, राग आवरणं ही कामं तिथलीच. (एएस, म्हणजे वाहक मुलांना हे सहसा होत नाही. ती मागं पडत असतील तर कारण दुसरीकडे शोधा.)

‘वही काढ, तारीख टाक, फळ्यावरची गणितं उतरव’ असं एका दमात सांगितलं की लेकरू वही काढून बसून राहतं. गुरुजींना वाटतं, ऐकत नाही. एक काम झालं की मगच दुसरं सांगा. तेवढ्याच वेळात दहाऐवजी पाच गणितं द्या.

सारखं लघवीला जाणं हाही बहाणा नाही. सिकलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून मोठ्या मुलांचंही अंथरूण ओलं होतं. त्यावर पाणी तोडणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण पाणी कमी पडलं की दुखणं उठतं. बाटली बाकावरच असू द्या. लेकरू रात्री घोरत असेल तर टॉन्सिल दाखवा. झोपेत ऑक्सिजन कमी पडला की दिवसा चिडचिड होते.

2 ते 16 वर्षांपर्यंत दरवर्षी डोक्याची डॉपलर, म्हणजे मेंदूच्या नसांतल्या रक्ताचा वेग मोजणारी टीसीडी तपासणी, करायची असते. तालुक्याला ती मिळणं कठीण, सरकारी मेडिकल कॉलेजला आधी विचारून जा. लेकरू जागं हवं. झोपेत रक्ताचा वेग बदलतो आणि आकडा चुकतो. वेग सेकंदाला 200 सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त आला तर मोठ्या झटक्याचा धोका असतो, आणि डॉक्टर नियमित रक्त चढवणं सुरू करतात. बारीक झटके मात्र डॉपलरमध्ये दिसत नाहीत, त्याला एमआरआयच लागतो. बोलणं अचानक अडखळलं किंवा एक बाजू ढिली पडली, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता 108 लावा.

2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचं काम आठवीतच काढा, दहावीच्या फॉर्मची वाट पाहू नका. अर्जासोबत एसएस पॅटर्नचा रिपोर्ट जोडा. नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवरून, म्हणजे सिकलच्या पहिल्या साध्या रक्तचाचणीवरून, एएस की एसएस ते कळत नाही.