तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या इलेक्ट्रिक गाडीला काय काय लावून घ्यावं?

"हिला बाहेरून काय काय बसवून घेतलंत? आणि त्याने वॉरंटी गेली नाही का?" सोसायटीत, ऑफिसात, लग्नाच्या हॉलबाहेर, अगदी सिग्नलला शेजारी उभा राहिलेला रिक्षावालाही मला हे विचारतो. माझी गाडी एमजी कॉमेट. लांबी 2974 मिलिमीटर, म्हणजे तीन मीटरही पूर्ण नाही, 17.3 किलोवॉट-तासाची बॅटरी, मोटर मागच्या चाकांना. चौकोनी, चिमुकली, सफरचंदी हिरवी. अशी गाडी दारात आली की तिला नटवावंसं वाटणारच, आणि मला विचाराल तर नटवावीच. फक्त पैसे कुठे आधी घालायचे आणि कुठे अजिबात नाही, याबद्दल माझी मतं पक्की आहेत.

पहिला खर्च घरच्या भिंतीवर करा. सीट कव्हर नंतर. कॉमेटचा साधा घरगुती चार्जर 3.3 किलोवॉटचा आहे. 230 व्होल्टला तो चौदा अँपिअरच्या आसपास करंट घेतो, आणि बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर सात तास सलग घेतो. घरातला गीझरही एवढा वेळ कधी चालत नाही. पार्किंगमधल्या जुन्या सॉकेटची पकड सैल झालेली असेल, तर तिथे उष्णता साठते, प्लास्टिक आधी पिवळं पडतं आणि मग वितळतं. एक्स्टेंशन बोर्डचं तर नावच काढू नका. मीटरपासून वेगळी जाड लाइन, चांगल्या प्रतीचं 16 अँपिअरचं सॉकेट, एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि खरोखरचं अर्थिंग एवढं करून घ्या. अर्थिंग "आहे हो" असं ऐकून सोडू नका. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, दाखवायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असला की बरं.

आता खुद्द गाडी. इलेक्ट्रिक गाडीत दोन वेगळ्या वीजव्यवस्था असतात, आणि हे एकदा नीट समजलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. एक मोठी बॅटरी, जी मोटर फिरवते. तिच्या केबल नारिंगी असतात. 60 व्होल्टच्या वरचा डीसी दाब माणसाला धोकादायक धरला जातो आणि या केबलमध्ये त्याहून बराच जास्त असतो, म्हणून अ‍ॅक्सेसरीवाल्याने नारिंगी रंगाच्या जवळपासही जायचं कारण नाही. दुसरी नेहमीसारखीच 12 व्होल्टची छोटी बॅटरी. हॉर्न, दिवे, स्क्रीन, लॉक हे सगळं हिच्यावर. आपण बाहेरून जे काही बसवतो, ते हिच्याच जिवावर चालतं.

लोकांना वाटतं, जास्तीचे दिवे किंवा स्पीकर लावले की रेंज कमी होईल. हिशेब करून बघा. 55 वॉटचे दोन दिवे तासभर जळले तर 110 वॉट-तास गेले. शहरात ही गाडी एका किलोमीटरला साधारण तेवढीच वीज खाते. म्हणजे तासाभरात एका किलोमीटरचा फरक. तो सोडून द्या. खरी काळजी 12 व्होल्टच्या बॅटरीची करा. डॅशकॅम, म्हणजे काचेवरचा रस्ता टिपणारा कॅमेरा, गाडी बंद असतानाही चालू ठेवला आणि तो 5 वॉट घेत असला, तर दिवसाला 120 वॉट-तास झाले. छोटी बॅटरी 35 अँपिअर-तासाची धरली तर तिच्यात सगळे मिळून 420 वॉट-तास. गाडी उभी असताना मोठी बॅटरी तिला आपणहून भरत नसेल, तर गावाला गेलात आणि चौथ्या दिवशी परत आलात की गाडी निपचित. मोठी बॅटरी भरलेली असूनही काही उपयोग नाही, कारण तिला जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, ओढायलाही आधी 12 व्होल्टच लागतात. म्हणून डॅशकॅम घ्या, जरूर घ्या, पण त्याची वीज गाडी सुरू असतानाच चालू होणाऱ्या फ्यूजवरून घ्या.

फ्यूजवरून, असं मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे पुण्यात नाना पेठेत काय किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला काय, दुकानातला मुलगा हातात कटर घेऊनच येतो. हॉर्न बदलायचा आहे म्हटल्यावर तो मूळची वायर मधेच सोलतो, दुसरी पिळून जोडतो, वर काळी टेप गुंडाळतो. हात त्यांचे सफाईदार असतात, यात शंका नाही. पण पहिल्या पावसाळ्यात टेपच्या आत पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, आणि डॅशबोर्डवर कसलातरी इशारा लागतो तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये सगळ्यात आधी त्या टेपकडेच बोट जातं. वॉरंटीचा वाद इथेच सुरू होतो. कापलेल्या वायरमुळे झालेला बिघाड वॉरंटीत धरत नाहीत, आणि तो त्या वायरमुळे झालेला नाही हे पटवून देताना तुमच्या नाकी नऊ येतात. म्हणून दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या मी म्हणते, "दादा, कपलर टू कपलर असेल तरच दाखवा." कपलर म्हणजे वायरच्या टोकाचा प्लग; मूळच्या कपलरमध्ये नवा कपलर बसतो, काढला की गाडी होती तशी. माझा दोन सुरांचा हॉर्न असाच बसवला आहे, वेगळ्या रिलेसकट. ज्या वस्तूचा कपलर मिळत नाही, ती वस्तू मी घेत नाही.

टायरचा विषय मला विशेष जिव्हाळ्याचा. कॉमेटला 145/70 आर 12 टायर येतो. हा आकार प्रत्येक दुकानात नसतो, आणि मग टायरवाला सांगतो, "ताई, आल्टोचा घाला ना, बाराच इंची आहे, गाडी उंचपण होईल." आल्टो 800 चा टायर 145/80 आर 12. रिम तेच, रुंदी तीच, मग बिघडतं काय? मधला आकडा. तो टायरच्या भिंतीची उंची सांगतो, रुंदीच्या टक्केवारीत. 70 चा टायर रस्त्यापासून वरच्या टोकापर्यंत 508 मिलिमीटर भरतो, 80 चा 537. गाडी जेमतेम दीड सेंटिमीटर उंच होते, हे खरं. पण चाकाचा घेर पावणेसहा टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर आधी 60 दाखवायचा त्या वेगापेक्षा आता त्याच आकड्याला तुम्ही साडेतीन किलोमीटरने जास्त पळता. धावलेले किलोमीटर कमी नोंदले जातात, चढावर मोटरला जोर जास्त लागतो, आणि चार माणसं बसवून स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची भीती. तीन टक्क्यांपलीकडे घेर बदलू नये, हा जुना नियम इथेही लागू आहे. अलॉय हवे असतील तर बाराच इंची, मूळ मापाचे आणि शक्यतो हलके बघा. गाडीत स्टेपनी नाही, त्यामुळे अलॉयपेक्षाही आधी हवा भरायचा छोटा पंप आणि ट्युबलेस पंक्चरचं किट घ्या. हवा दर पंधरवड्याला तपासा; कमी हवेचा टायर रेंज खातो, आणि ते नुकसान कुठल्याही दिव्यापेक्षा मोठं असतं.

आणि आता ज्यासाठी तुम्ही खरं थांबता ते: दारावरचं वारली. या गाडीचा घाट मूळच्या वुलिंगच्या गाडीचा, आणि चीनमध्ये वुलिंगच्याच होंगगुआंग मिनी ईव्हीने 2020 पासून छोट्या गाड्या रंगवण्या-सजवण्याचं वेडच लावलं. 2021 मध्ये कंपनीने स्वतःच तिची फिक्या गुलाबी, लिंबू पिवळ्या, अ‍ॅव्होकॅडो हिरव्या रंगांतली आवृत्ती काढली. कॉमेटसोबतही कंपनीचे स्टिकर संच मिळतात. मला मात्र आपलं काहीतरी हवं होतं. पांढऱ्या व्हायनलमधून, म्हणजे स्टिकरच्या प्लास्टिकमधून, प्लॉटर यंत्राने कापलेला वारल्यांचा तारपा नाच, दाराच्या खालच्या पट्टीत. लावणाऱ्या मुलाने आधी दार पुसून कोरडं केलं, मग साबणाचं पाणी फवारलं, म्हणजे स्टिकर चिकटायच्या आधी हवा तसा सरकवता येतो. मधून कडेकडे रबरी पट्टीने पाणी ढकलत नेलं. दाराच्या कडेला, जिथे पत्रा आत वळतो, तिथे हीट गनची ऊब देऊन व्हायनल मऊ केलं आणि अंगठ्याने आत दाबलं. नाचणाऱ्यांचे पाय इतके बारीक होते की वरचा कागद सोडवताना त्याने जवळजवळ श्वासच रोखला होता. त्या कामाचे पैसे देताना मला हात आखडावासा वाटला नाही.

एवढं स्टिकर चालतं. गाडीचा पूर्ण रंगच बदलणार असाल, रॅप (पूर्ण गाडीवर चढवायची रंगीत फिल्म) लावूनसुद्धा, तर आरसी बुकात जो रंग आहे त्याचा प्रश्न येतो. आधी आरटीओत नोंद आणि विमा कंपनीला कळवणं, मग काम. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करता येत नाही असं बजावलं. बंपरसमोरचे लोखंडी गार्ड तर केंद्राने 2017 मध्येच चूक ठरवले. हिरवी नंबर प्लेट जशी आली तशीच ठेवा. काळ्या फिल्मचं आमिष मोठं आहे, कारण या गाडीला काचा भरपूर आणि एप्रिलमधलं पुण्याचं ऊन. पण पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आत आलाच पाहिजे, असा नियम आहे, आणि 2012 च्या न्यायालयीन आदेशानंतर पोलीस फिल्म दिसली की थांबवतातच. मी गाडी उभी केली की आतून चंदेरी घडीचा पडदा लावते. तेवढ्याने स्टिअरिंगला हात लावता येतो.

सीट कव्हरबद्दल एवढंच: ज्या गाडीत बाजूच्या एअरबॅग सीटच्या पाठीत असतात, तिथे साधं घट्ट कव्हर एअरबॅग उघडण्याच्या आड येतं. कॉमेटच्या एअरबॅग समोर आहेत, त्यामुळे मी सुती कव्हर बिनधास्त घातली. पावसाळ्यासाठी उंच काठाची मॅट घ्या, पातळ गालिचा नको. ड्रायव्हरकडची मॅट खाली अडकवलेली हवी, म्हणजे पेडलखाली सरकत नाही.

राहिला अंडरबॉडी कोटिंगचा, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूला गंज लागू नये म्हणून मारायच्या थराचा प्रश्न, जो कोकणातले नातेवाईक हमखास विचारतात. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस म्हटल्यावर गंजाची धास्ती रास्त आहे. सस्पेन्शनचे हात, वेल्डिंगचे सांधे, चाकांच्या वरचा पत्रा इथे कोटिंग मारून घ्या. पण बॅटरीच्या पेटीवर फवारा मारू देऊ नका. त्या पेटीला आतला दाब बाहेर सोडायला झडप असते. ती कोटिंगने बुजली तर पेटीला श्वास घेता येत नाही. बॅटरी, नारिंगी केबल, कपलर आणि चार्जिंगचं तोंड आधी कागद आणि टेपने झाकून घ्यायला सांगा, आणि गाडी लिफ्टवर असेपर्यंत तिथून हलू नका. बिलावर कुठे कुठे कोटिंग मारलं ते लिहून घ्या, आणि ते बिल हॉर्न-डॅशकॅमच्या बिलांसोबत गाडीच्या कागदांत ठेवा. सर्व्हिसला जाताना तो सगळा गठ्ठा सोबत असू द्या.