पाना गिऱ्हाइकाच्या हातात

आमच्या गॅरेजला पाटी लागली १९९९ च्या दसऱ्याला. जागा कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका आतल्या गल्लीत; बारा बाय अठरा, वर पत्रा. त्या पत्र्याखालचं काम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, तिथं बोअरिंगच्या, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून मोठा करायच्या मशीनवर उभे असायचे. शेतीच्या ऑइल इंजिनांचे ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात खाली-वर होतो ते भाग, यायचे, त्यांच्या रांगेतच राजदूत-येझदीचेही यायचे. ब्लॉक हातात आला की अण्णा आधी आतून अंगठा फिरवत, मग गेज लावत. अंगठा आणि गेज एकच सांगायला लागले की मशीन सुरू.

मला ओढ मोटरसायकलची. यामाहा आरएक्स १०० १९८५ ला आली तेव्हा मी शाळेत होतो. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर चाल, तीही ५० च. १९९६ ला ती निघायची बंद झाली आणि आमच्यासारख्यांना खरं काम तिथून लागलं. बंद झाली म्हणून गाडी कुणी टाकून देईना. ब्लॉक काढायचा, पाव मिलिमीटर वाढवायचा, तेवढा मोठा पिस्टन घालायचा, की गाडी परत दारात उभी. पाव, अर्धा, पाऊण, एक अशा चार साइज. प्रत्येक साइजला गाडीचं आयुष्य काही वर्षांनी वाढायचं.

पहिल्याच वर्षात माझ्या हातून एक चूक झाली. राधानगरीकडच्या एका गुरुजींची आरएक्स होती. गणपती तोंडावर आलेले, कामं साचलेली, आणि मी पिस्टनला द्यायची मोकळीक दोन शतांश मिलिमीटर कमी ठेवली. बोअर केलेली गाडी सुरुवातीला कशी चालवायची, तेही गडबडीत सांगितलं नाही. दाजीपूरच्या चढाला पिस्टन ब्लॉकमध्ये जाम झाला, मागचं चाक धरलं, गुरुजी पडले. नशिबानं खरचटण्यावर निभावलं. टेम्पोतून गाडी घेऊन आले. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "हे होणार हे मला आधी कळलं असतं का?"

कळलं असतं. आरएक्ससारखी टू-स्ट्रोक गाडी जाम व्हायच्या आधी सांगते. ताकद एकदम ओढल्यासारखी कमी होते, आवाज कोरडा होतो. त्या क्षणी क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडला तर चाक मोकळं राहतं आणि माणूस पडत नाही. हे मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, ज्याला त्या गाडीवर बसायचं होतं त्याला मात्र माहीत नव्हतं. ब्लॉक मी फुकट करून दिला, आणि गुरुजींना समोर बसवून हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, खोलायला लावलं. आमच्याकडं पाना धरायला शिकलेलं पहिलं गिऱ्हाईक ते. पुढची अकरा वर्षं त्यांनी प्लगची काजळी, कार्बोरेटरचा जेट, सायलेन्सरचा कार्बन यासाठी गाडी कधी आणली नाही. आणली ती फक्त बोअरला.

अण्णांना हे सुरुवातीला पटलं नव्हतं. "त्यांनीच सगळं केलं तर आपण काय करायचं?" प्रश्न खरा होता. त्या काळात प्लग साफ करायचे वीस रुपयेही आम्हाला मोलाचे होते. उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली.

मातीतल्या गाड्या आमच्याकडं यायला लागल्या त्या माझ्या भाच्यामुळं. त्याला वेग नको होता, दगड हवे होते. एका पडीक खणीत तो आणि त्याचे मित्र जुन्या आरएक्स घेऊन जायचे आणि पाय न टेकता दगडांवरून गाडी चढवायचा सराव करायचे. परदेशात याला ट्रायल्स म्हणतात. आखून दिलेल्या तुकड्यातून गाडी काढायची. पाय एकदा टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन, आणि तुकडा पूर्णच झाला नाही तर पाच. कमी दंडाचा जिंकतो. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमच्या डोंगरात याची सहा दिवसांची स्पर्धा होते. सॅमी मिलरनं १९६५ साली ती बुल्टाको या स्पॅनिश गाडीवर जिंकली आणि ब्रिटिश बनावटीच्या जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस संपत आले. हलकी टू-स्ट्रोक, खालून दम देणारी, जागेवर वळणारी. आपल्याकडं तसल्या गाड्या मिळत नाहीत. पण हलकी टू-स्ट्रोक आपल्या दारातच उभी आहे, हे त्या पोरांनी बरोबर ओळखलं होतं.

गाडी सावकाश चालवली की झीज कमी होते असं वाटतं. या खेळात उलट होतं. चालण्याच्या वेगानं दगड चढताना क्लच अर्धा दाबलेला असतो, प्लेटा घसरत राहतात आणि तापतात, आणि वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळत नाही. पोरांच्या क्लच प्लेटा दोन-दोन महिन्यांत जायला लागल्या. एकाची तर नवीन प्लेट तीन रविवारही टिकली नाही. खोलून बघितलं तर प्लेट धड होती, तेल चुकीचं होतं. वडिलांच्या कारचं उरलेलं तेल त्यानं गाडीत ओतलेलं. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात. मोटरसायकलचा क्लच तेलातच बुडालेला असतो, त्याची पकडच त्यानं जाते. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला डब्यावरची 'जासो एमए' ही, तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची अक्षरं बोटानं दाखवायची आमची पद्धत पडली.

हवेचंही तसंच. दगडावर पकड मिळावी म्हणून ट्रायल्सवाले टायरमध्ये अगदी कमी, चार-पाच पीएसआय हवा ठेवतात, हे पोरांनी कुठंतरी वाचलं आणि आपल्या ट्यूबच्या टायरला लावलं. टायर रिमवर सरकला, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली गेली, व्हॉल्व्ह मुळापासून फाटला. दोन रविवारांत पाच ट्यूबा. त्या गाड्यांचे टायर आणि रिम त्याच कामासाठी बनवलेले असतात, आपले नाहीत. हवा उतरवायची तर रिमलॉक, म्हणजे टायर रिमला आवळून धरणारी पकड, बसवा. तो नसेल तर हवा बेतानंच कमी करा आणि रस्त्यावर यायच्या आधी परत भरा.

मसाई पठारावर मात्र गाडी घालायची नाही, हे आम्ही त्यांना तेव्हाच बजावलं आणि आजही बजावतो. पावसाळ्यात त्या कातळावर जे उगवतं ते चाकाखाली एकदा गेलं की गेलं. दगडच हवे असतील तर खणी पडून आहेत.

मग मातीत चालणाऱ्या गाड्या कंपन्यांनीच काढल्या: २०११ ला हिरोची इम्पल्स आली, २०१६ ला रॉयल एनफिल्डची हिमालयन, आणि २०१९ च्या मे महिन्यात हिरोचीच एक्सपल्स २००. पुढं २१ इंची चाक, मागं १८, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. जे भाच्याच्या टोळीनं जुन्या गाडीला जोडजाड करून मिळवलं होतं, ते शोरूममध्ये मिळायला लागलं. गगनबावडा, आंबा, राधानगरी या बाजूंना रविवारी जाणारी पोरं-पोरी वाढली, आणि सोमवारी आमच्या दारात गाड्यांची रांग लागायला लागली.

या गाड्या बिघडतात कशानं, हे मी दोन वर्षं वहीत लिहीत होतो. पडून बिघडलेल्या थोड्या. धुऊन बिघडलेल्या त्याहून कितीतरी जास्त! चिखलातून आलेली गाडी थेट प्रेशर पंपावर जाते, तिथला पोरगा नळी चाकाच्या मध्यावर, स्टिअरिंगच्या कोनसेटवर, स्विंगआर्मच्या बुशवर धरतो. सील बाहेरची धूळ अडवायला असतं, पंपाचा मारा अडवायला नाही. पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं, गाडी चकाचक दिसते आणि चार महिन्यांत बेअरिंग कुरकुरायला लागतं. आमच्या गल्लीजवळच्या एका वॉशिंगवाल्याशी यावरून माझा वादही झाला. मी त्याचं गिऱ्हाईक तोडतोय असं त्याला वाटलं.

तेव्हा माझ्या बायकोनं एक काम केलं. हिशेब तीच बघते. तिनं पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं: घरी आल्यावर बादली आणि ब्रशनं धुवा, सायलेन्सरच्या तोंडाला बोळा लावा आणि धुऊन झाल्यावर आठवणीनं काढा, चेन पुसून तेल द्या, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा, हलकेच ब्रेक लावत गल्लीला एक चक्कर मारा. मग चाक उचलून तारांवरून पान्याची दांडी फिरवा. घट्ट तार टण्ण वाजते, सैल तार भद्द. भद्द वाजलेल्या तारेला खडूची खूण करा आणि आमच्याकडं या. एअर फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, तेलात भिजवून पिळून बसवा. तेल लावलेला कागदी असेल तर तो धुवायचा नाही, खराब झाला की बदलायचा. क्लच लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिलिमीटर मोकळं असू द्या. हा पुठ्ठा आम्ही छापून घेतला आणि त्याच्याबरोबर एक पेटी विकत द्यायला लागलो: ८, १०, १२, १४ चे टी-पाने, प्लगपाना, फीलर गेज, दोन टायर लिव्हर, चेनचा ब्रश. अण्णांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर त्या पेटीत सापडलं. वीस रुपयांची कामं गेली, पण जी गाडी मालकाच्या हाताखाली असते ती वेळेवर येते, आणि तिच्यात करायचं काम मन लावून करण्याजोगं असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा असतो, ४३ ला धोका. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ बंद होता. शाहूपुरी, दुधाळी, शुक्रवार पेठ, पलीकडं चिखली-आंबेवाडी, सगळीकडं घरं पाण्यात, आणि घराखालच्या गाड्या आठ-आठ दिवस बुडालेल्या. आमची गल्ली उंचावर, ती वाचली.

पाणी उतरलं तसे फोन सुरू झाले. बहुतेकांनी पहिली गोष्ट केली होती ती किक मारायची, आणि तीच करायची नव्हती. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही. दबतो तो कनेक्टिंग रॉड. मी आणि भाचा दोघंच, गाड्या शेकड्यानं. शेवटी बायकोनं व्हॉट्सॲपवर माझा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली. बॅटरीची तार काढा. प्लग काढा. प्लग बाहेर असतानाच किक हातानं हळूहळू फिरवा, पाणी भोकातून बाहेर येऊ द्या. खालचा नट काढून तेल सोडा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. स्वस्तातलं नवीन तेल घाला, पाच मिनिटं चालवा, परत सोडा, आणि तेल तेलासारखं दिसेपर्यंत हेच करा. टाकी तळापासून रिकामी करा, कारण पाणी पेट्रोलच्या खाली बसतं. कार्बोरेटरची वाटी सोडा. ब्रेकचे ड्रम उघडा, आत गाळ असणारच.

आरएक्सवाल्यांना मात्र वेगळं सांगावं लागलं. टू-स्ट्रोकच्या क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला, तेल पेट्रोलबरोबरच मिळतं, खाली वेगळं साठलेलं नसतं. पुराचं पाणी थेट बेअरिंगवर बसतं आणि चार दिवसांत गंज धरतं. त्यांना म्हटलं, धुऊन बघू नका, आतलं पाणी काढा, टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल ओता, क्रँक फिरवून ठेवा आणि नंबर लागेपर्यंत थांबा. काही जण थांबले. त्यांचे क्रँक आम्ही वाचवले. काहींनी घाईनं चालू केली. ते क्रँक आजही माझ्याकडं खोक्यात आहेत, वर्गात दाखवायला.

वर्ग तेव्हापासूनचा. महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी आठ ते अकरा, फी नाही, स्वतःची गाडी आणायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो फोनवर चालला. शटर बंद होतं, घरात पैसे येत नव्हते, तरी रोज संध्याकाळी कुणाचा ना कुणाचा व्हिडिओ कॉल असायचाच. त्या दिवसांत पेट्यांची उधारी कुणी बुडवली नाही. शटर उघडल्यावर एकेक जण येऊन देऊन गेला. हे लिहिताना आजही मन भरून येतं.

२०२१ च्या जुलैत पाणी परत आलं. यावेळी शाहूपुरीतल्या एका आजींचा फोन आला. नातू परगावी, त्याची एक्सपल्स पार्किंगमध्ये बुडालेली, आणि आजींच्या हातात त्याची पेटी आणि आमचा पुठ्ठा. शेजारचा पोरगा पाने फिरवत होता, आजी वाचून दाखवत होत्या. "तेल तिसऱ्यांदा काढलंय हो, अजून पिवळट दिसतंय."

"अजून एकदा घाला, आजी."

चौथ्यांदा साफ निघालं. नातवाला त्यांनी गाडी चालू झाल्यावरच कळवलं.

अण्णा २०२२ ला गेले. त्यांचं मशीन भाचा चालवतो. गेजच्या आधी अंगठा फिरवायची सवय त्यालाही लागली आहे. गुरुजी आता रिटायर झालेत. त्यांची आरएक्स परवाच आली, दाजीपूरला जाम झालेली तीच. चार साइज संपल्यात, आता ब्लॉकमध्ये लायनर, म्हणजे आतली नवी नळी, घालायचा आणि परत ५० मिलिमीटरपासून सुरू करायचं. हेड त्यांनी घरीच खोलून, नटबोल्ट डब्यात नीट लावून आणलं होतं.